नायजेरियात माणसं नेमकी किती?

नायजेरियाची लोकसंख्या किती, असं विचारलं की संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या आकडेवारीतून एक उत्तर मिळतं: साधारण २३ कोटी. आफ्रिकेत पहिला नंबर, जगात सहावा. दरवर्षी तिथे अंदाजे ७५ लाख बाळं जन्माला येतात, म्हणजे अख्ख्या युरोपात मिळून जन्मतात त्याहूनही जास्त. हे आकडे बातम्यांत इतक्या ठामपणे छापले जातात की वाचणाऱ्याला वाटावं, कुणीतरी घरोघरी जाऊन माणसं मोजली असतील.

तसं झालेलं नाही. नायजेरियातली शेवटची जनगणना मार्च २००६ मधली. तेव्हा १४ कोटी ४ लाख माणसांची नोंद झाली. त्यानंतरचा प्रत्येक आकडा हा हिशेबाने पुढे नेलेला अंदाज आहे आणि ज्या पायावर तो उभा आहे, ती २००६ ची मोजणीच देशातल्या अनेकांना मान्य नाही. मे २०२३ मध्ये नवी जनगणना व्हायची होती. कागदी फॉर्म जाऊन टॅबलेट येणार होते, तारखाही ठरल्या होत्या. मोजणी काही दिवसांवर आली असताना, एप्रिलच्या अखेरीस, अध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी ती पुढे ढकलली आणि निर्णय येणाऱ्या सरकारवर सोपवला.

आपलीही २०२१ ची जनगणना रखडली. पण २०११ ला आपण किती होतो, यावरून भारतात राज्यं एकमेकांच्या अंगावर धावून जात नाहीत. नायजेरियात नेमकं तेच होतं. तिथे डोकी मोजणं हे राजकारणातलं सगळ्यात नाजूक काम आहे आणि त्यामागचं कारण कळलं, तर त्या देशाची बरीचशी घडण कळते.

कारण सरळ आहे. नायजेरियाच्या केंद्र सरकारचं मोठं उत्पन्न तेलातून येतं. ते एका सामाईक खात्यात जमा होतं आणि दर महिन्याला केंद्र, ३६ राज्यं आणि ७७४ स्थानिक शासनं यांच्यात वाटलं जातं. राज्याराज्यांत वाटणी करताना ४० टक्के वाटा सगळ्यांना सारखा आणि ३० टक्के वाटा लोकसंख्येप्रमाणे दिला जातो. उरलेला भाग क्षेत्रफळ, स्वतःचं उत्पन्न, शाळा-दवाखाने अशा निकषांवर जातो. शिवाय संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या ३६० जागाही लोकसंख्येवर ठरतात. म्हणजे राज्याची माणसं जास्त दिसली की पैसाही जास्त आणि आमदार-खासदारही जास्त. रेशनकार्डावर जास्तीची नावं चढवण्याचा मोह जसा एखाद्या घराला होतो, तसाच तो इथे अख्ख्या राज्यांना होत आला आहे.

मजेची गोष्ट नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की सुरुवातीला उलट होतं. इंग्रजांच्या काळात लोक मोजणीपासून लांब पळत. मोजणी म्हणजे कर, हे गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. देशाच्या आग्नेय भागात, इग्बो मुलखात, १९२० च्या दशकात पुरुषांची मोजणी झाली आणि पाठोपाठ त्यांच्यावर कर बसला. नोव्हेंबर १९२९ मध्ये ओलोको नावाच्या गावात एक सरकारी माणूस न्वान्येरुवा या विधवेच्या अंगणात आला. ती पाम तेल काढत बसली होती. घरात माणसं किती, शेळ्या-मेंढ्या किती, असं तो विचारू लागला. तिने उलट विचारलं, तुझ्या विधवा आईला कुणी मोजलं होतं का? दोघांची झटापट झाली. तिथून ती धावत बाजारात जमलेल्या बायकांकडे गेली. आता बायकांवरही कर येणार, ही बातमी गावोगाव पोहोचली आणि हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. इंग्रज सरकारच्या गोळीबारात पन्नासेक बायका मारल्या गेल्या. इतिहासात हे ‘बायकांचं युद्ध’ म्हणून नोंदलेलं आहे. एका अंगणातल्या शिरगणतीतून पेटलेलं हे आंदोलन मला नायजेरियाच्या लोकसंख्येच्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं, कारण मोजणारा कोण आणि कशासाठी मोजतोय, हा प्रश्न त्या बाईने सगळ्यात आधी विचारला.

१९५२-५३ च्या मोजणीत देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ४ लाख निघाली. त्यातली निम्म्याहून जास्त उत्तरेत होती. स्वातंत्र्याआधीच्या १९५९ च्या निवडणुकीत केंद्रीय सभागृहातल्या ३१२ पैकी १७४ जागा उत्तरेला मिळाल्या. म्हणजे एकट्या उत्तरेच्या जोरावर सरकार बनू शकत होतं. १ ऑक्टोबर १९६० ला देश स्वतंत्र झाला आणि दक्षिणेतल्या पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की ही चौकट बदलायची तर पुढच्या जनगणनेत आपली माणसं जास्त भरायला हवीत. उत्तरेलाही ते कळत होतं.

१९६२ ला मोजणी झाली. पूर्वेकडच्या काही भागांत दहा वर्षांत लोकसंख्या सत्तर टक्क्यांहून जास्त वाढल्याचे आकडे आले. मग उत्तरेनेही आपला आकडा दुरुस्त करून वाढवून आणला. अखेर ती मोजणीच रद्द झाली. १९६३ ला पुन्हा मोजलं, तेव्हा एकूण आकडा निघाला ५ कोटी ५६ लाख.

हा आकडा खरा असू शकतो का, हे तपासायला संगणक लागत नाही. ३ कोटी ४ लाखांचे दहा-साडेदहा वर्षांत ५ कोटी ५६ लाख व्हायचे असतील, तर दरवर्षी पावणेसहा टक्क्यांच्या आसपास वाढ हवी. जन्मदर कितीही जास्त धरला तरी तो हजारी ५० च्या आसपास असतो आणि त्या काळात मृत्यूदरही मोठा होता. जन्मातून मृत्यू वजा केले की अडीच-तीन टक्के उरतात. बाहेरून कोट्यवधी लोक येऊन वसले असते तर गोष्ट वेगळी, पण तसं काही झालं नव्हतं. काही फरक असा समजून घेता येईल की १९५२-५३ ला करभयाने लोक लपले होते आणि तो आकडाच कमी होता. पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही. राहिलेला भाग कागदावर जन्मलेल्या माणसांचा.

१९७३ च्या मोजणीत ७ कोटी ९८ लाख निघाले, त्यात उत्तरेचा वाटा ६४ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात बियाफ्राचं, म्हणजे बियाफ्रा या नावाने वेगळा देश होऊ पाहणाऱ्या इग्बोबहुल पूर्वेचं, यादवी युद्ध होऊन गेलं होतं, जखमा ताज्या होत्या. दक्षिणेत प्रचंड संताप झाला आणि १९७५ ला सत्तेवर आलेल्या मुर्तला मुहम्मद यांनी तो निकाल रद्द केला. १९९१ ला मोजलं तेव्हा ८ कोटी ८९ लाख. बाहेरच्या संस्था तोवर अकरा-बारा कोटी धरून चालल्या होत्या, त्यांना एकदम दोन-तीन कोटी माणसं खोडावी लागली. हे सगळे आकडे एका ओळीत ठेवून पाहा: १९६३ पर्यंत झेप, १९७३ पर्यंत पुन्हा झेप, आणि पुढच्या अठरा वर्षांत जेमतेम नव्वद लाखांची भर. कुठल्याही समाजात माणसं अशी वाढत नाहीत.

२००६ ला उपग्रहाची छायाचित्रं आणि जीपीएस वापरून गणनेचे गट आखले गेले. तयारी आधीपेक्षा नक्कीच चांगली होती. तरी निकाल लागला आणि भांडण पुन्हा सुरू झालं. उत्तरेतल्या कानो राज्याची लोकसंख्या ९४ लाख, दक्षिणेतल्या लागोस राज्याची ९१ लाख. लागोस हे देशाचं आर्थिक केंद्र, रोज तिथे माणसं येऊन वसतात. कानो राज्यातून तर १९९१ मध्ये जिगावा हे वेगळं राज्य कापून काढलेलं. तरीही कानो पुढे? लागोस सरकारने आपली स्वतंत्र मोजणी केलेली होती, तिच्यात आकडा आला पावणेदोन कोटींचा. खरं बोलायचं तर हे दोन्ही आकडे जसेच्या तसे मानण्यासारखे नाहीत, ज्याला त्याला आपला आकडा मोठा हवा होता. पण वाद फक्त इभ्रतीचा नाही. कानोत ४४ स्थानिक शासनं आहेत आणि लागोसमध्ये २०, आणि सामाईक खात्यातला पैसा याच गणितावर खाली झिरपतो. तेव्हा लागोसचे राज्यपाल (तिथे ते निवडून येतात, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे) होते बोला टिनुबू. मे २०२३ पासून तेच देशाचे अध्यक्ष आहेत, म्हणजे बुहारींनी पुढे ढकललेली जनगणना त्यांच्याच पदरात पडली.

२०१३ मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष फेस्टस ओदिमेगवू जाहीरपणे म्हणाले की देशात आजवर एकही विश्वासार्ह जनगणना झालेली नाही. कानोच्या राज्यपालांनी त्यांच्याविरुद्ध तक्रार केली आणि काही आठवड्यांत ओदिमेगवूंना पद सोडावं लागलं. अशा वाक्याची किंमत तिथे किती असते, ते यावरून कळावं.

आता प्रश्न येतो की मोजायची ती माणसं आहेत तरी कोण. नायजेरियात २५० हून जास्त वांशिक गट आणि ५०० च्या वर भाषा आहेत. उत्तरेत हौसा आणि फुलानी, नैर्ऋत्येला योरुबा, आग्नेयेला इग्बो, हे तीन मोठे समूह. सर्वसाधारण अंदाजानुसार हौसा तिसरा हिस्सा किंवा थोडे कमी, योरुबा आणि इग्बो प्रत्येकी सहावा हिस्सा. उरलेल्यांत कानुरी, तीव, इजाव, इबिबिओ, नुपे आणि लहानलहान शेकडो समाज. धर्माच्या बाबतीत मुसलमान आणि ख्रिस्ती साधारण निम्मे-निम्मे आहेत, मुसलमान किंचित जास्त असावेत असं सर्वेक्षणांतून दिसतं.

उत्तर म्हणजे मुसलमान आणि दक्षिण म्हणजे ख्रिस्ती, असं नकाशावर दोन रंगांत रंगवलेलं चित्र सोपं असतं आणि तेवढंच फसवं. मधल्या पट्ट्यात, बेन्यू आणि प्लॅटो राज्यांत, तीव आणि बेरोम असे मोठे ख्रिस्ती समाज आहेत आणि ते सरकारी हिशेबात ‘उत्तरेत’ धरले जातात. योरुबांमध्ये तर एकाच घरात एक भाऊ मशिदीत आणि दुसरा चर्चमध्ये जातो, दोन्ही सण सगळे मिळून करतात. पण नेमकी टक्केवारी सांगता येत नाही, कारण १९९१ आणि २००६ च्या जनगणनांत धर्म आणि वंश हे प्रश्न विचारलेच नाहीत. विचारले तर दंगे होतील, ही भीती होती आणि ती निराधार नव्हती. मला हा निर्णय समजतो. मात्र त्यामुळे झालं असं की ज्या गोष्टीवर सगळं राजकारण फिरतं, तिचाच अधिकृत आकडा साठ वर्षं जुना आहे.

इथे आणखी एक गुंता आहे, तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. नायजेरियात माणूस कुठे राहतो यापेक्षा तो ‘मूळचा कुठला’ याला कागदोपत्री जास्त वजन आहे. स्थानिक शासन मूळ रहिवासी असल्याचा दाखला देतं आणि हा दाखला नोकरी, कॉलेजातला प्रवेश, शिष्यवृत्ती अशा ठिकाणी लागतो. दाखला मिळतो तो वडिलांच्या मूळ गावाचा. त्यामुळे कानोत जन्मलेला, तिथेच दुकान चालवणारा, हौसा अस्खलित बोलणारा इग्बो माणूस कागदावर कानोचा होत नाही. मग मोजणीच्या दिवसांत तो काय करेल? शक्य झालं तर गावी जाईल आणि तिथे आपलं नाव लावेल, म्हणजे गावाला चार पैसे जास्त मिळतील. काही जण दोन्हीकडे मोजले जातात, काही कुठेच नाही.

आणि कुठेच न मोजले जाणारेही पुष्कळ. लागोसच्या खाडीवर माकोको नावाची वस्ती आहे. पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरं, एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर होडी, भाजीवाली होडीतून येते, मासे धुरावून सुकवणाऱ्या बायकांच्या चुलींचा धूर दिवसभर पाण्यावर तरंगत असतो. घरांना नंबर नाहीत, गल्ल्या म्हणजे पाणी. तिथे किती माणसं राहतात, याचे अंदाज काही दहा हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंत जातात. एका महानगराच्या मध्यभागी असलेल्या वस्तीबद्दल इतका फरक असेल, तर ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात बोको हराम या अतिरेकी संघटनेच्या भीतीने गावं सोडून छावण्यांत आलेल्या लोकांचं काय सांगावं. उत्तरेतल्या अनेक घरांत परक्या पुरुषाला आत प्रवेश नसतो, त्यामुळे बायकांची संख्या घरातल्या पुरुषाच्या तोंडून कळते. २००६ च्या मोजणीत पुरुष ७ कोटी १३ लाख आणि बायका ६ कोटी ९१ लाख निघाल्या. बायका कुठेतरी सुटल्या किंवा पुरुष कुठेतरी वाढले, यातलं एखादं झालेलं असू शकतं.

इतकी अनिश्चितता असताना लोकसंख्याशास्त्रज्ञ काहीच सांगू शकत नाहीत का? सांगू शकतात, आणि हा भाग मला फार मोलाचा वाटतो. एकूण किती, हे कळायला सगळ्यांना मोजावं लागतं. पण लोक कसे आहेत, म्हणजे मुलं किती, म्हातारे किती, एका बाईला सरासरी मुलं किती, हे कळायला काळजीपूर्वक निवडलेला नमुना पुरतो. नायजेरियात दर काही वर्षांनी मोठं आरोग्य सर्वेक्षण होतं. २०१८ च्या सर्वेक्षणात जवळपास ४२ हजार बायकांशी प्रत्यक्ष बोलून माहिती घेतली गेली. इथे आकडा फुगवून कुणाला पैसा मिळत नाही, म्हणून या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो.

त्यांतून दिसतं ते असं. देश अतिशय तरुण आहे. दर दहा माणसांत चार जण पंधरा वर्षांच्या आतले, पासष्टच्या पुढचे शंभरात जेमतेम तीन. सगळ्या लोकसंख्येला वयानुसार रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस अठरा वर्षांचा निघतो, भारतात तो २८-२९ वर्षांचा आहे. १९९० मध्ये एका बाईला सरासरी सहा मुलं होत होती. २०१८ मध्ये ५.३ आणि २०२३-२४ च्या सर्वेक्षणात ४.८. उतार आहे, पण मंद.

ही सरासरी मात्र दोन वेगवेगळ्या जगांची बेरीज आहे. २०१८ मध्ये वायव्य भागात दर बाईमागे ६.६ मुलं होती, नैर्ऋत्येत ३.९. कात्सिना राज्यात ७.३ आणि लागोसमध्ये ३.४. धर्मावर बोट ठेवून मोकळं होण्याचा मोह इथे अनेकांना होतो, पण नैर्ऋत्येतल्या लाखो योरुबा बायका मुसलमानच आहेत. मोठा फरक दिसतो तो शिक्षणाने: अजिबात शाळेत न गेलेल्या बायकांना सरासरी ६.७ मुलं, माध्यमिकच्या पुढे शिकलेल्यांना ३.४. वायव्येत निम्म्या बायकांचं लग्न सोळावं पूर्ण व्हायच्या आत झालेलं असतं. दुसरी गोष्ट बालमृत्यूची. त्याच सर्वेक्षणात वायव्येत हजारातली १८७ मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत गेलेली होती, नैर्ऋत्येत ६२. ज्या घरात पाचातलं एक मूल हाताशी लागणार नाही अशी भीती असते, तिथली आई दोन मुलांवर कशी थांबेल? मुलं जगू लागली आणि मुली शाळेत टिकल्या की जन्म कमी होतात, हे जगभर दिसलं आहे.

समजा, उद्यापासून प्रत्येक नायजेरियन बाईने दोनच मुलं जन्माला घालायची ठरवलं. तरी लोकसंख्या पुढची कित्येक दशकं वाढतच राहील. कारण आज जन्मलेल्या आणि शाळेच्या वयाच्या मुलींची संख्या त्यांच्या आयांच्या पिढीपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या मोठ्या झाल्या की प्रत्येकीला दोन मुलं धरली तरी एकूण जन्म खूप होतात आणि मरणाच्या वयातली माणसं मात्र थोडीच असतात. मागच्या पिढीतल्या जन्मांचा हा जोर ओसरायला वेळ लागतो.

तरी भविष्याचे आकडे जपून वाचावेत. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता की २०५० ला नायजेरियात ४४ कोटी लोक असतील आणि २१०० ला ९१ कोटी. नायजेरिया अमेरिकेला मागे टाकून जगात तिसरा होणार, ही बातमी त्या काळातली, ती अजून फिरते. २०२४ च्या आवृत्तीत हेच आकडे २०५० साठी ३६ कोटींच्या आसपास आणि २१०० साठी ४८ कोटींच्या आसपास आले आहेत. मुलांची सरासरी थोडी वेगाने उतरली की ऐंशी वर्षांनंतरचा आकडा अर्ध्यावर येतो.

माणसं शोधून काढायचं सगळ्यात चांगलं काम मात्र जनगणनेच्या निमित्ताने झालेलं नाही. ते पोलिओमुळे झालं. २०१२ च्या सुमारास उत्तर नायजेरियात पोलिओ हटत नव्हता आणि लस देणारी पथकं हाताने काढलेल्या नकाशांवर फिरत होती. उपग्रहाच्या चित्रांवरून एकेक घर, एकेक वाडी शोधली, तेव्हा नकाशावर कधी आलेल्याच नव्हत्या अशा हजारो वस्त्या सापडल्या. पथकांच्या हातात जीपीएस दिले, कुठली वस्ती राहिली ते संध्याकाळी कळू लागलं. ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. शेवटपर्यंत राहिलेला देश नायजेरियाच होता. त्याच नकाशांवरून पुढे लोकसंख्येचे अंदाज बांधले गेले: थोड्या भागांत घरं आणि माणसं नीट मोजायची, आणि चित्रात दिसणाऱ्या घरांच्या ठेवणीवरून बाकीच्या भागातली माणसं काढायची.

दुसरा पडताळा मतदार यादीचा. २०२३ च्या निवडणुकीत ९ कोटी ३४ लाख मतदारांची नोंद होती. देशातली निम्मी माणसं अठराच्या आतली असतात, म्हणजे एवढ्यावरूनच एकोणीस कोटींच्या आसपासचा आकडा येतो. यादीत मेलेले आणि दुबार नावं असतील, पण नोंद न केलेले प्रौढही खूप आहेत. त्यामुळे वीस ते तेवीस कोटींच्या मधला कुठलाही आकडा अशक्य वाटत नाही. यापेक्षा नेमकं बोलणारा माणूस आपल्या राज्याचा वाटा मनात धरून बोलत असण्याची शक्यता जास्त.

नवी जनगणना होईल तेव्हा टॅबलेट आणि नकाशे असतील. वाटणीच्या सूत्रातला लोकसंख्येचा वाटा कमी करावा आणि पैसा राहत्या माणसाच्या मागे जावा, मूळ गावाच्या मागे नव्हे, असं अनेक नायजेरियन अभ्यासक सांगत आले आहेत. मला त्यांचं पटतं. जन्म आणि मृत्यूची नोंद गावपातळीवर रोजच्या रोज होऊ लागली, तर दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या मोठ्या मोजणीवर एवढं ओझंही राहणार नाही. सध्या तिथे कित्येक मुलांच्या जन्माची नोंद होत नाही आणि मृत्यूंची तर त्याहून कमी होते. शाळेबाहेर असलेल्या मुलांची संख्या युनिसेफ एक कोटीच्या वर सांगतं. त्यांच्यासाठी वर्ग कुठे बांधायचे, शिक्षक किती लागतील, कुठल्या तालुक्यात लसीच्या किती मात्रा पाठवायच्या, हे सगळे हिशेब आज २००६ च्या वादग्रस्त आकड्याला दरसाल काही टक्के जोडून केले जातात, आणि त्या मोजणीच्या वर्षी जन्मलेली मुलं आता मतदानाच्या वयाची झाली आहेत.